हरवलेल्यांची चिकटवही

समजा, तुम्ही मेहकरच्या बसस्टँडवर भजी खायला बसला आहात. गरम भजी, रद्दीच्या कागदात, वर तळलेली मिरची. पहिलं भजं तोंडाशी नेणार, तेवढ्यात खाकी कोट घातलेला एक सडसडीत गृहस्थ येतो. "भाऊ, तेवढे भजे या बशीत घेता का?" असं म्हणत तुमच्या उत्तराची वाट न पाहता भजी बशीत ओततो, कागद झटकतो आणि उजेडाकडे धरून वाचायला लागतो. तुम्ही काय कराल?

बहुतेक लोक शिव्या देत. एका ट्रक ड्रायव्हरनं तर तेच गरम भजं गृहस्थांच्या कोटावर फेकून मारलं. गृहस्थांनी भजं झटकलं, कोटावरच्या डागाकडे पाहिलंसुद्धा नाही. कोटाला लटकणारी कातर उचलली, त्या तेलकट कागदाचा एक चौकोन कापला आणि उरलेला कागद ड्रायव्हरला परत दिला. "घ्या. आता खा निवांत."

हे आमचे श्रीपतराव वानखडे. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक टेबलाचे कारकून. मी त्या कचेरीत नुकताच लागलो होतो. महाराष्ट्र नवा होता, कचेरी नवी होती, खुर्च्यांना व्हार्निशचा वास येत होता. जुने म्हणावेत असे तिथे फक्त श्रीपतरावच होते. त्यांचा कोट इंग्रजांच्या काळातला होता आणि त्याच्या काजाला सुतळीनं बांधलेली ती कातर कोटापेक्षा जुनी असावी. ते चालले की कातर मांडीवर आपटून टकटक वाजे. त्यामुळे ते आले हे आम्हाला दिसायच्या आधी ऐकू येई आणि आम्ही टेबलावरचं वर्तमानपत्र चटकन ड्रॉवरमध्ये सरकवत असू. न सरकवलं तर त्याला खिडक्या पडल्याच म्हणून समजा. एकदा साहेबांच्या वर्तमानपत्राला अशी खिडकी पडली आणि साहेब त्या खिडकीतून श्रीपतरावांकडे बघत म्हणाले, "वानखडे, इथं अर्थमंत्र्यांचं भाषण होतं."

"त्याच्या मांगच्या बाजूले माहं काम होतं, साहेब."

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. कचेरीत सगळ्यांनाच ते काम माहीत होतं.

दुसरी खूण म्हणजे नखं. श्रीपतरावांची नखं निळसर असत. ते कागद चिकटवायला घरी गव्हाच्या पिठाची खळ शिजवत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. रेशनवर लाल ज्वारी मिळायचे ते दिवस. गव्हाचं पीठ पाहुण्यांसाठी ठेवलेलं असायचं. शेजारणी म्हणत, लोक पोळीले तरसून राह्यले आन हे बाप्पा कागदाले पोळी चारतात. सुभद्राबाई, म्हणजे त्यांची बायको, हे ऐकायच्या आणि पीठ चाळून द्यायच्या. जाड पिठाची खळ कागदाला फुगवते, म्हणून.

आता ती चिकटवही. त्या काळी चिकटवह्यांचं वेड होतं. पोरं काडेपेटीवरची चित्रं चिकटवत, पोरी फुलपाखरं आणि नट्या. श्रीपतरावांची वही कापडदुकानातली नमुन्यांची होती, जाड पुठ्ठ्याच्या पानांची. कापडाचे तुकडे काढून टाकल्यावर त्या पानांवर जे चिकटवलं गेलं ते सगळं एकाच जातीचं होतं. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येणाऱ्या त्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. अंगठ्याएवढा धुरकट फोटो आणि खाली मजकूर. प्रिय बाळ, असशील तिथून परत ये. तुला कोणीही रागावणार नाही.

त्यांची वही अशा बाळांनी भरलेली होती. पुण्याची, नागपूरची, नांदेडची बाळं. मिशा फुटलेली बाळं. एक तर चांगलं पन्नाशीचं बाळ होतं, टक्कल पडलेलं, त्याला बायकोनं बोलावलं होतं. तेलकट कागदावर ते आधी खडूची भुकटी चोळून तेल शोषून घेत, मग खळ लावत, आणि सुकेपर्यंत वर शिवाजीच्या इतिहासाचं पुस्तक ठेवून त्यावर स्वतः बसत. मी त्यांच्या घरी प्रथम गेलो तेव्हा ते असेच बसलेले होते. उठले नाहीत. "बस बे," म्हणाले, "पोरगं वाळाले टाकलं हाय."

त्यांना मजकुरावरून माणूस कळे. मला शिकवत, "हे पाह्य. शोधून देणाऱ्यास बक्षीस, असं लिहिलं हाय ना, हे काकाचं काम हाय. बाप कधी आधी बक्षीस लिहीत नाही. आईनं अन्न सोडले आहे, हे लिहिते बाप. आई स्वतः काईच लिहीत नाही, तिले कोनी इचारतच नाही."

"आणि कोणी रागावणार नाही, हे?"

"ते सगळेच लिहितात. ज्याच्या ज्याच्या घरी रागावले ते समदे."

त्यांच्या घरीही रागावले होते. मधू, एकुलता एक. मॅट्रिकला नापास झाला तेव्हा श्रीपतराव ओसरीवर दाढी करत होते. आरशातून न वळता म्हणाले, "पास झाल्याबिगर मले तोंड दाखवू नको." पोरगं मागच्या दारानं गेलं. गावातल्या दहा पोरांना त्या दिवशी त्यांच्या बापांनी हेच वाक्य ऐकवलं असेल. ती दहाही संध्याकाळी जेवायला घरी होती. श्रीपतराव हे सांगताना थोडे हसत. "माहं पोट्टं आज्ञाधारक हाय राजेहो. लई आज्ञाधारक."

तेव्हापासून सुभद्राबाई रात्रीच्या स्वयंपाकात एक भाकर जास्तीची थापत. सकाळी ती गाईला जाई. गाय त्या काळात फार गुबगुबीत झाली होती, असं मी एकदा गमतीनं म्हणालो. दोघंही हसली. त्या घरात विनोदाला बंदी नव्हती. फक्त मधूबद्दल बोलताना 'होता' म्हणायला बंदी होती. मी एकदा म्हणालो, "मधू अभ्यासात कसा होता?" श्रीपतरावांनी मला थांबवलं. "कसा हाय, म्हन."

सुट्टीच्या दिवशी ते वही पिशवीत घालून निघत. शेगाव, मलकापूर, कधी अकोला. स्टेशनवर जाऊन चहा विकणाऱ्या, हमाली करणाऱ्या, नुसत्या झोपलेल्या पोरांचे चेहरे बघत. पोलिसांनी दोनदा धरलं; वही दाखवली की सोडत. आणि एकदा खरोखर सापडला. मधू नाही. शेगावच्या स्टेशनवर कपबशा विसळणारा, एका कानाची पाळी तुटलेला पोरगा नांदेडकडच्या एका जाहिरातीतला निघाला. श्रीपतरावांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं, तार केली, आणि बाप येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिले. लघवीलाही पोरगा एकटा गेला नाही म्हणे.

त्या पोराचा बाप पुढे पेढे घेऊन मेहकरला आला. कचेरीत त्यानं श्रीपतरावांच्या पायावर डोकं ठेवलं. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो, शिपायाच्या डोळ्यांत पाणी. श्रीपतरावांनी पेढा खाल्ला, चांगला लागला म्हणाले, आणि मग त्या बापाला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तुमी जाहिरातीत नेमकं काय लिहिलं होतं? माह्या मजकुरात काई कमी पडून राह्यलं वाटते."

तो बाप काय सांगणार? त्याच्या पोरानं जाहिरात वाचलीच नव्हती. पण श्रीपतरावांनी त्याचा मजकूर उतरवून घेतला आणि पुढच्या महिन्यात मधूची जाहिरात तशी दिली. नांदेडच्या पोराच्या फोटोला वहीत हळदीचा टिळा लागला. जे घरी पोचले त्यांना हळद, असा नियम होता. अख्ख्या वहीत पिवळे ठिपके फार थोडे होते आणि ते शोधावे लागत.

या सगळ्याला मुदत होती. ती घालून देणारा माणूस म्हणजे त्यांचे थोरले बंधू तुळशीरामदादा. उंद्रीला भाजीचा मळा करत. आले की कचेरीत सरळ आत येत, साहेबांच्या टेबलावर वांगी ठेवत, धाकट्या भावाच्या टेबलावर काही ठेवत नसत, आणि बोलायला लागत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या सुनेची दोन लेकरं पोटातच गेली होती आणि गावातल्या जाणत्यांनी त्याचं कारण त्यांना सांगितलं होतं. घरचा पोरगा मेला की जगला हे ठरत नाही, त्याला ना पाणी, ना पिंड. तो घरात येणाऱ्या लेकराची वाट अडवून बसला आहे.

आमच्याकडे रीत अशी की बारा वर्षं माणसाची काही खबर नाही लागली तर त्याला गेला म्हणायचं. देह नसतो, मग पळसाच्या काड्यांचा देह करायचा. काड्यांचे हातपाय, नारळाचं डोकं. त्याला दहन द्यायचं, मग तेरवी. ही बारा वर्षं येत्या उन्हाळ्यात भरणार होती.

"श्रीपत, उन्हाळ्यात मुहूर्त पाहू."

"पोरगं जितं हाय दादा."

"कोनं सांगतलं तुले?"

"मेला म्हनून तुले कोनं सांगतलं?"

"माह्या सुनेनं सांगतलं," दादा म्हणाले. "तिले इचारून पाह्य, अंगणात दोन खड्डे कोठं हायेत ते."

श्रीपतरावांनी समोरचं टपाल उचललं, शिक्का मारला, खाली ठेवलं. मग म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत वखत दे." दादा म्हणाले, "देल्ला." त्यात मायाही होती.

आणि त्याच हिवाळ्यात ते परिपत्रक आलं. आवक टपाल म्हणजे पहिलं श्रीपतरावांच्या हाती. जिल्ह्याच्या गावी, बुलढाण्याला, विकास प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात नागरिकांसाठी हौशी चिकटवही स्पर्धा होती. विभाग: निसर्ग, शेती व विकास, थोर पुरुष, संकीर्ण. अशी परिपत्रकं आम्ही फलकावर लावत असू आणि त्यांच्यामागे पाली अंडी घालत. श्रीपतराव मात्र हे शेवटपर्यंत वाचत गेले. शेवटची ओळ त्यांनी मला बोलावून मोठ्यानं वाचायला लावली. निवडक चिकटवह्या राज्यातील सर्व जिल्ह्यांत प्रदर्शनार्थ फिरविण्यात येतील.

"सर्व जिल्ह्यांत," ते म्हणाले. "आजवर मी एकटा हिंडून राह्यलो होतो बे. आता सरकार हिंडन."

मग जी तयारी सुरू झाली ती काय वर्णावी! शिकस्त होती नुसती. कसरीनं खाल्लेल्या पानांना मागून कागद लावले. हळदीचे ठिपके नव्यानं दिले. आणि पहिल्या पानासाठी मधूचा फोटो हवा होता. मधूचा फोटो एकच, शाळेचा, सगळ्या वर्गाबरोबर काढलेला. मागच्या ओळीत मसुराएवढं तोंड. ते घेऊन श्रीपतराव खामगावच्या एका फोटोवाल्याकडे गेले आणि पोस्टकार्डापेक्षा मोठा करून आणला. मसुराचा भोपळा केल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं. नाक होतं, पण धुक्यात. मग फोटोवाल्यानं आपल्या सवयीनं ब्रशनं भुवया काढल्या, ओठ रेखले, डोक्यामागे फिकट उजेड सोडला. असे फोटो तो एकाच कामासाठी करत असे आणि ते काम मी तुम्हाला सांगायला नको. घराघरांतल्या भिंतींवर खुंटीला ते टांगलेले असतात.

मी फोटो पाहिला आणि सुभद्राबाईंकडे दिला. सुभद्राबाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, "भिवया त्याच्या अशा नाहीत." एवढंच.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही बुलढाण्याला गेलो. श्रीपतराव, त्यांच्या मांडीवर वही, आणि मी. दादा आणि सुभद्राबाई मागच्या गाडीनं येणार होते. प्रदर्शन एका शाळेच्या पटांगणात होतं. दारातच मक्याच्या कणसांची कमान, आत सुधारित नांगर, एक प्रचंड देशी वळू, आणि वळूच्या पलीकडे चिकटवह्यांचा मंडप. काय काय आलं होतं म्हणता! एकानं जिल्ह्यातल्या सगळ्या झाडांची पानं चिकटवली होती, त्यातून अळ्या बाहेर पडून शेजारच्या वहीत चालल्या होत्या. एका बाईंनी 'भारतीय वेशभूषा' या नावाखाली सगळ्या नट्या बसवल्या होत्या आणि तिथून बाप्ये हलत नव्हते. परीक्षक होते एक निवृत्त हेडमास्तर आणि एक शेती अधिकारी. हेडमास्तर दर वहीला नाकाजवळ नेऊन खळीचा वास घेत.

श्रीपतरावांच्या वहीला जागा मिळाली संकीर्ण विभागात, मंडपाच्या मागच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशेजारी. व्यवस्था पाहणाऱ्या एक शिक्षिकाबाई होत्या, हातात याद्या, घामानं डबडबलेल्या.

"बाई, इथं लोक पानी प्यायले येतीन. वही पाह्यले नाही."

"संकीर्ण इथंच आहे हो."

"पोरं पानी उडवतीन. कागद जुना हाय."

"मग मी काय करू?"

श्रीपतरावांनी मंडपभर नजर फिरवली. अगदी पुढे, दारासमोर, थोर पुरुषांचं टेबल होतं. पांढरी चादर, उघड्या वह्या रांगेनं, आणि मध्ये एक जागा रिकामी. कोणाची वही आलीच नव्हती.

"तिथं ठेवू द्या."

"ते थोर पुरुष आहेत."

"बाई, तुमाले लेकरं हायेत का?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "ठेवा," म्हणाल्या, "पण परीक्षकांनी विचारलं तर मला माहीत नाही."

असे मधुकर श्रीपत वानखडे, मॅट्रिक नापास, थोर पुरुषांत जाऊन बसले. श्रीपतरावांनी वही पहिल्या पानावर उघडून ठेवली. उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोरा घातला. चार पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे येऊन सरळ केली. त्यांना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं. दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाची पहिली नजर तिथं पडत होती. "चाल बे, चहा पाजतो," म्हणाले. आम्ही चहा प्यालो आणि तसेच स्टँडवर दादांना आणि सुभद्राबाईंना आणायला गेलो.

परत आलो तेव्हा उद्घाटन झालेलं होतं. मुंबईहून कोणी बडे पाहुणे आले होते आणि ते येणार म्हणून कार्यकर्त्यांनी घाईघाईत थोर पुरुषांच्या टेबलाची शोभा केली होती. त्यांची काही चूक नव्हती. थोर पुरुषांचे फोटो म्हटले की हात आपोआप जे करतात ते त्यांनी केलं होतं. प्रत्येक उघड्या पानावर झेंडूचा हार, फोटोच्या कपाळावर कुंकू, पुढे पणती, उदबत्ती. रांगेतला एकही सोडला नव्हता.

मधूच्या फोटोला हार घातलेला होता.

लोक रांगेनं पुढे सरकत होते. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून नमस्कार केला आणि शेजारच्याला विचारलं, "हे कोन होते जी?" शेजारी म्हणाला, "असतीन कोनी सत्याग्रहातले. पोरसवदाच गेलेले दिसतात." मागून मुलींची एक शाळा आली. त्यांच्या बाईंनी सांगितलं, "नमस्कार करा गं," आणि वीसेक वेण्या मधूपुढे वाकल्या.

खरं सांगतो, माझ्या घशात हसू आलं होतं. ते तिथंच अडकलं, कारण मी श्रीपतरावांकडे पाहिलं. ते माणसं बाजूला सारत टेबलाशी पोचले होते. हाराला हात घातला आणि त्याच वेळी सुभद्राबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या."

"अवं, जितं पोरगं हाय. जित्याले हार घातला या लोकायनं."

"राहू द्या म्हनते ना."

"तू येडी झाली काय? सोड."

त्यांनी सोडलं नाही. मागची रांग थांबली. सुभद्राबाई फार हळू बोलत होत्या, पण मी जवळ होतो.

"बारा वर्सं झाली. कोनी म्हने चोरी करून पळाला. कोनी म्हने बापानं हाणला म्हनून गेला. माह्या पोराचं नाव घेतलं की लोक तोंड वाकडं करत. आज पयल्यांदा कोनी त्याले हात जोडले. पाहून घेऊ द्या मले."

"पाह्य. पण हार काढू दे."

"मी थकली जी," त्या म्हणाल्या. "तुमी हिंडता. तुमाले ठेसन हाय, वही हाय. मी घरात बसून रोज एक भाकर टाकते. मले आता रडू द्या."

श्रीपतरावांचा हात हारावर तसाच होता. झेंडूची एक पाकळी गळून मधूच्या रंगवलेल्या भुवईवर पडली. दादा मागे उभे होते. इतकी वर्षं हेच मागत होते ते. आता मिळालं तर त्यांना ते बघवेना. त्यांनी टोपी काढली आणि छातीशी धरून मान खाली घातली. मग श्रीपतरावांनी हात मागे घेतला. सुभद्राबाई टेबलाच्या पांढऱ्या चादरीवर डोकं टेकून रडल्या. बारा वर्षांचं रडणं होतं, आवरलं नाही. लोकांनी त्यांना वाट करून दिली. थोर पुरुषाची आई आली आहे, अशी कुजबुज मंडपभर गेली.

आता नशिबाचा नाटकीपणा बघा, मी मनचं लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अतिशयोक्ती. त्या वहीला बक्षीस मिळालं. थोर पुरुष विभाग, उत्तेजनार्थ. हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं की ज्ञात-अज्ञात अशा सर्वांचं स्मरण करणारी ही वही आहे आणि चिकटवणीही नेटकी आहे. त्यांनी पान उलटून एकही जाहिरात वाचलेली नव्हती. श्रीपतराव व्यासपीठावर गेले. पाहुण्यांनी प्रशस्तिपत्र हातात दिलं, तर ते धरून तिथंच उभे राहिले.

"साहेब, एक इचारू? ही वही सगळ्या जिल्ह्यांत फिरन ना?"

"अवश्य, अवश्य," पाहुणे म्हणाले आणि टाळ्या वाजल्या.

परतीला आम्ही चौघं एकाच एसटीत होतो. चिखलीला गाडी थांबली तेव्हा दादा खाली उतरले, पुडीत भजी घेऊन आले आणि भावापुढे धरली. श्रीपतरावांनी एक भजं घेतलं. कागदाकडे पाहिलं नाही. ते मला त्या दिवसातलं सगळ्यात भयंकर वाटलं.

पुढे त्यांनी वाद घातला नाही. दादांशी घालता आला असता, जाणत्यांशी घालता आला असता. सुभद्राबाईंशी घालता येईना. त्यांनी ती जास्तीची भाकर टाकणं बंद केलं होतं. आता उन्हाळ्याची वाटही कोणी पाहिली नाही. महाशिवरात्र झाल्यावरचा दिवस गुरुजींनी काढून दिला. वही तेव्हा प्रवासात होती. साहेबांनी फोन करून चौकशी केली. अकोल्याहून अमरावतीकडे गेली असं कळलं. श्रीपतरावांनी मला विचारलं, "तिथं दारासमोर ठेवली असीन का बे?" मी म्हणालो, "ठेवली असेल." "हारासकट?"

माझ्या बदलीचा हुकूम आला होता; जळगाव जामोदला जायचं होतं. जायच्या आधी मी पैनगंगेवर गेलो. नदीला पाणी बेताचंच होतं. काठच्या वाळूत गुरुजी दर्भानं पळसाच्या काड्या बांधत बसले होते. हात झाले, पाय झाले, वर नारळ ठेवला. दादा लाकडं रचत होते. सुभद्राबाई नेसत्या लुगड्याचा पदर तोंडात धरून बसल्या होत्या. श्रीपतराव सकाळपासून सगळ्यांकडे पाठ करून पाण्याकडे बघत होते. गुरुजी म्हणाले, "वानखडे, या आता. झालं." तेव्हा ते वळले.

त्यांनी त्या काड्यांच्या देहाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गुरुजी, हे बुटकं झालं."

"रीतीप्रमाणं आहे हो."

"तो गेला तवा माह्या कानाले लागे. मॅट्रिकचं पोट्टं होतं. त्याच्यानंतर वाढलं असीन का नाही?"

गुरुजींनी दादांकडे पाहिलं. श्रीपतरावांनी कोट काढला, घडी करून दगडावर ठेवला, आणि ते त्या काड्यांच्या शेजारी वाळूत उताणे झोपले. पाय जुळवले, हात अंगाशी घेतले, टाच गुरुजींनी केलेल्या टाचेच्या रेषेत आणली. उन्हानं डोळे मिटत होते, तरी उघडे ठेवले.

"माह्याहून चार बोटं वर घ्या," म्हणाले.

गुरुजींनी मोळीतून आणखी काड्या उपसल्या आणि दर्भ सोडला. सुभद्राबाई उठल्या. नवऱ्याच्या डोक्याशी जाऊन बसल्या आणि त्यांच्या टाळूपलीकडे वाळूत चार बोटं आडवी टेकवून म्हणाल्या, "इथवर." गुरुजींनी नारळ सरकवत तिथपर्यंत आणला, तोवर त्यांनी हात हलवला नाही.